"झोपलाय, झोपू दे"

व्यसनमुक्ती केंद्रात महिनाभर राहून घरी आलेला मुलगा संध्याकाळी "कोपऱ्यावर जाऊन येतो" म्हणून बाहेर पडतो. नवाच्या सुमाराला परततो, न जेवता आडवा होतो आणि थोड्या वेळाने घोरायला लागतो. मोठ्याने, ओढून, मध्येच थांबून. घरातले सगळे दमलेले असतात. आज निदान तमाशा न करता झोपला, याचंच हायसं वाटतं. "झोपलाय, झोपू दे," असं कुणीतरी म्हणतं आणि दिवा मालवला जातो.

ब्राऊन शुगर म्हणजे गर्द, अशुद्ध हेरॉइन. तिच्या ओव्हरडोसने अनेकदा याच पद्धतीने जीव जातो. आरडाओरडा नाही, तडफड नाही. ज्याला आपण घोरणं समजतो ते बऱ्याचदा घोरणं नसतंच. घशाचे स्नायू सैल पडून जीभ मागे गेलेली असते आणि उरलेल्या फटीतून हवा कशीबशी आत जात असते. हेरॉइन, मॉर्फिन, कोडीन, ट्रॅमॅडॉल, टॅपेंटाडॉल ही सगळी एकाच कुळातली औषधं, ओपिऑइड. मेंदूच्या बुंध्यात श्वासाची लय सांभाळणाऱ्या पेशी असतात. रक्तात कार्बन डायऑक्साइड साठला की त्या "श्वास घे" असा हुकूम सोडतात. ओपिऑइड त्याच पेशींना सुस्त करतं. म्हणून श्वास आधी मंदावतो, मग उथळ होतो, मग थांबतो. हृदय त्यानंतर काही मिनिटं चालू राहतं. वाचवायला मिळणारी वेळ ती हीच, आणि ती हाती लागते फक्त शेजारी असलेल्या माणसाच्या.

आता केंद्रातून आल्यावरच हे का घडतं, ते बघू. शरीराला गर्दची सवय होते म्हणजे दोन गोष्टी होतात. तेवढीच नशा यायला माल जास्त लागतो, आणि त्या जास्त मालातही श्वास चालू राहायला शरीर शिकतं. ही दुसरी सवय माल बंद झाला की काही दिवसांत उतरायला लागते आणि दोन-तीन आठवड्यांत बरीचशी गेलेली असते. हाताची सवय मात्र जात नाही. महिन्यापूर्वी एका वेळेला दोन पुड्या लागायच्या, म्हणून माणूस आजही दोनच घेतो. त्या दोन पुड्या आता एका नवख्याच्या अंगात जातात. टर्की (माल बंद झाल्यावर अंगाला होणारा त्रास) काढून, अंग धुऊन, वजन वाढवून आलेला माणूस दिसायला ठणठणीत असतो, पण ओव्हरडोसच्या दृष्टीने तो त्याच्या सगळ्या व्यसनी काळातल्या सर्वांत नाजूक आठवड्यात असतो.

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या तुरुंगांतून सुटलेल्या तीस हजारांवर लोकांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. सुटल्यानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत ओव्हरडोसने मरण्याचा धोका तिथल्या सर्वसामान्य रहिवाशांच्या १२९ पट निघाला. स्कॉटलंडने २०११ पासून राष्ट्रीय कार्यक्रमच आखला आणि तुरुंगातून सुटणाऱ्या अशा माणसाच्या हाती ओव्हरडोस उतरवणारं औषध देऊन त्याला बाहेर सोडायला सुरुवात केली. आपल्याकडे केंद्रातून सुटताना पेढे वाटले जातात, देवासमोर शपथ घेतली जाते, मोबाइलमधले जुने नंबर पुसले जातात. "पुन्हा घेतलंस तर निदान जुन्या मापाने घेऊ नकोस" हे वाक्य कुणी बोलत नाही. बोललं तर परवानगी दिल्यासारखं होईल, असं वाटतं. माझ्या मते हेच न बोललेलं वाक्य सर्वांत महाग पडतं.

हार्म रिडक्शन म्हणजे काय, तर व्यसन सुटेल तेव्हा सुटेल, तोवर माणूस जिवंत आणि शक्य तेवढा धडधाकट राहिला पाहिजे, हे धरून केलेलं काम. १९८० च्या दशकात गर्द मुंबई-पुण्याच्या वस्त्यांत शिरली, १९८६ साली पुण्यात मुक्तांगण सुरू झालं, आणि मराठी घरांत व्यसनमुक्ती म्हणजे केंद्र, भरती, मग संपूर्ण सुटका असं चित्र पक्कं झालं. ते चित्र खोटं नाही. कित्येक माणसं त्या वाटेने बाहेर आली. पण त्यात घसरणीसाठी जागा नाही, आणि गर्दच्या व्यसनात घसरण नेहमीची आहे. घसरणीचा दिवस मरणाचा ठरू नये, यासाठी काय करायचं, ते पुढे.

आधी ओळख. डोळ्याची पापणी उघडून पाहा. बाहुली टाचणीच्या डोक्याएवढी झालेली असते. छातीकडे बघत घड्याळ लावा. मिनिटाला दहापेक्षा कमी श्वास असतील तर ही झोप नव्हे. ओठ आणि नखं निळसर, राखाडी दिसतात. सावळ्या माणसाच्या बाबतीत खालचा ओठ उलटा करून आतली बाजू पाहा, बाहेरून कळत नाही. मग नावाने जोरात हाक मारा. ओ आली नाही तर मूठ वळून बोटांचे पेर छातीच्या मधल्या हाडावर दाबून घासा. हे चांगलंच दुखतं. झोपलेला माणूस शिवी देत उठतो. शिवी आली तर बरं समजायचं, पण पुढचे काही तास नजर हलवायची नाही. काहीच आलं नाही तर वेळ घालवू नका.

१०८ ला फोन लावा आणि स्पीकरवर ठेवा. पहिलं वाक्य "माणूस बेशुद्ध आहे, श्वास बंद पडतोय". पत्ता सांगताना इमारतीची खूण, मजला आणि लिफ्ट आहे की नाही तेही सांगा. एकाला खाली रस्त्यावर उभं करा. काय घेतलंय ते डॉक्टरपासून लपवू नका, त्याला योग्य औषध द्यायला तेच लागतं.

गाडी येईपर्यंत श्वास आपण द्यायचा. माणसाला सपाट जमिनीवर उताणं करा, गादीवर नको. तोंड उघडून आत पाहा. मावा, गुटखा, सुपारी, कवळी, ओकारी जे दिसेल ते बोटाने बाहेर काढा. आपल्याकडे ही पायरी विसरली जाते आणि सुपारीचं खांड घशात ढकललं जातं. एक हात कपाळावर, दुसऱ्या हाताची दोन बोटं हनुवटीच्या हाडाखाली, आणि डोकं मागे कलवा. एवढ्याने जीभ पुढे येते, कधी कधी घरघरही थांबते. नाक चिमटीत धरा, तोंडावर तोंड घट्ट लावा आणि छाती वर उठेल इतकीच हवा द्या. सुरुवातीला दोन श्वास, मग दर पाच-सहा सेकंदांनी एक. छाती उठत नसेल आणि पोट फुगत असेल तर डोकं पुरेसं मागे गेलेलं नाही. कलवून पुन्हा द्या. पोटात हवा गेली की ओकारी होते आणि ती फुप्फुसात उतरते, म्हणून जोर लावून फुंकायचं नाही. लाळेतून एचआयव्ही पसरत नाही. किळस वाटत असेल तर एकतर्फी झडप असलेला श्वास देण्याचा मास्क मिळतो, तो घरात आणून ठेवा. श्वास अजिबात नाही आणि अंग गार, ढिलं पडलंय असं दिसलं तर ३० वेळा छाती दाबणं आणि २ श्वास, असं चक्र सुरू करा. हृदयविकारात नुसती छाती दाबली तरी चालतं असं हल्ली शिकवतात. इथे तसं चालत नाही, कारण इथे रक्तातला प्राणवायूच संपलेला असतो.

आणि नॅलोक्सोन. हे १९६० च्या दशकातलं साधं, स्वस्त औषध आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. ओपिऑइड मेंदूतल्या ज्या खाचेत बसलेलं असतं तिथून ते त्याला ढकलून बाहेर काढतं आणि स्वतः तिथे बसतं. त्याने नशा येत नाही, सवय लागत नाही, आणि अंगात ओपिऑइड नसेल तर जवळजवळ काहीच होत नाही. म्हणून शंका असली तरी द्यावं. २०१४ साली जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट सांगितलं की ज्यांच्यासमोर ओव्हरडोस होण्याची शक्यता आहे त्या सगळ्यांना, म्हणजे घरच्यांना आणि सोबत्यांनासुद्धा, हे औषध मिळावं आणि वापरायला शिकवावं. परदेशात नाकात मारायचा फवारा मिळतो. आपल्याकडे नेहमीचं म्हणजे १ मिलीचं काचेचं ॲम्प्यूल, त्यात ०.४ मिलिग्रॅम. केंद्रातून सुटी देणाऱ्या डॉक्टरांकडून किंवा मनोविकारतज्ज्ञाकडून चिठ्ठी मागून घ्या. निदान तीन ॲम्प्यूल, तीन सिरिंज. मेडिकलवाला "हे आम्ही ठेवत नाही" म्हणेल, तेव्हा मागवून घ्यायला लावा.

सिरिंज २ मिलीची आणि सुई २३ नंबरची, बुडाशी निळं प्लॅस्टिक असलेली, इंचभर लांब. इन्शुलिनची सिरिंज घरात असते म्हणून ती वापरू नका. तिची सुई चरबीतच थांबते, स्नायूपर्यंत जात नाही, आणि औषध चढायला उशीर होतो. ॲम्प्यूलच्या डोक्यावर टिचकी मारून वर अडकलेलं औषध खाली आणा. मानेवर ठिपका असेल तर तो आपल्याकडे करा, रुमालात धरा, अंगठा ठिपक्यावर ठेवून डोकं पलीकडे मोडा. घाईत उघड्या बोटांनी मोडलं की बोट कापतं आणि अर्धं औषध फरशीवर सांडतं. सगळं ओढून घ्या, मांडीच्या बाहेरच्या बाजूला मधोमध सुई सरळ ९० अंशांत घुसवा, पिस्टन दाबा. पातळ पँटवरून दिलं तरी चालतं. शीर शोधत बसू नका.

दिल्यावर थांबायचं नाही, श्वास देत राहायचं. स्नायूतलं औषध काम करायला तीन-पाच मिनिटं घेतं. तीन मिनिटांत श्वास सुधारला नाही तर दुसरं ॲम्प्यूल, मग तिसरं. एकदम तिन्ही देऊ नयेत. आपल्याला माणूस श्वास घ्यायला हवा आहे, उठून बसायला नको. जास्त औषध एकदम गेलं की तो भयंकर टर्कीत जागा होतो. ओकतो, थरथरतो, तुमच्यावर धावून येतो आणि पहिली संधी मिळताच पुडी शोधायला पळतो. मिनिटाला दहा-बारा श्वास सुरू झाले, ओठांचा रंग परतला, की त्याला कुशीवर वळवा. वरचा गुडघा पुढे दुमडून टेकवा, वरच्या हाताचा तळवा गालाखाली, तोंड किंचित जमिनीकडे. ओकारी झाली तर ती बाहेर पडेल.

इथून पुढेच घात होतो. नॅलोक्सोनचा असर ३० ते ९० मिनिटं टिकतो. मेथाडोन आणि इतर दीर्घकाळ चालणारी ओपिऑइड त्याहून कितीतरी जास्त वेळ अंगात राहतात. गर्दचंही मोठं माप असेल तर तेच. माणूस उठतो, पाणी पितो, "काही नाही झालं मला" म्हणतो, पुन्हा झोपतो, आणि तासाभराने औषध उतरल्यावर श्वास पुन्हा बसतो. म्हणून दवाखान्यात न्यायचंच. तो ऐकत नसेल तर निदान दोन-तीन तास शेजारी बसून श्वास मोजा. टर्कीच्या कळा सहन होत नाहीत म्हणून त्याने या वेळेत पुन्हा घेतलं तर ते दुप्पट धोक्याचं, कारण अंगात आधीचं आहेच. हे त्याला त्याच्या कानात, न ओरडता सांगावं लागतं.

काय चालत नाही, याची यादी मोठी आहे आणि प्रत्येक वस्तीची स्वतःची आहे. लिंबू-पाणी, ताक, दूध, काळी कॉफी तोंडात ओतणं. बेशुद्ध माणसाला गिळता येत नाही, ते फुप्फुसात जातं. कांदा फोडून नाकाशी धरणं, चप्पल हुंगवणं, थोबाडीत मारणं, गार पाण्याखाली बसवणं, दोघांनी खांद्यावर घेऊन गल्लीत चालवणं. याने श्वास सुरू होत नाही, मिनिटं तेवढी जातात. सर्वांत वाईट म्हणजे शिरेत मिठाचं पाणी टोचणं. घेणाऱ्यांच्यात हा समज अजून आहे. टोचल्याच्या दुखण्याने कधी माणूस हलतो आणि श्रेय मिठाला जातं.

नॅलोक्सोनच्या मर्यादाही माहीत हव्यात. एमडी (मेफेड्रोन ही उत्तेजक पूड), कोकेन, दारू, झोपेच्या गोळ्या यांवर ते चालत नाही. पण गर्दवर चार बटन, म्हणजे झोपेच्या गोळ्या, टाकलेली असतील किंवा क्वार्टर मारलेली असेल तर नॅलोक्सोन द्यायचंच. गोळ्यांची आणि दारूची गुंगी राहील, पण श्वासावर बसलेलं गर्दचं ओझं तेवढं उतरेल. मुंबईत ज्याला बटन म्हणतात, मालेगावकडे कुत्ता गोळी म्हणतात, ते सगळं झोपेच्या गोळ्यांचं कूळ. गर्द आणि या गोळ्या किंवा दारू एकत्र, हे ओव्हरडोसचं नेहमीचं कारण आहे. दोन्ही वेगवेगळ्या वाटेने श्वास दाबतात आणि एकाची सवय दुसऱ्याला उपयोगी पडत नाही. ट्रॅमॅडॉलचं वेगळंच. त्यात फिट येऊ शकते, आणि ती नॅलोक्सोनने थांबत नाही. तिथे दवाखानाच.

जो घेणारच आहे त्याच्याशी बोलायचं तर चार गोष्टी सांगाव्यात. एकट्याने घेऊ नकोस. संडासाची कडी आतून लावू नकोस. खंड पडला असेल, अगदी आजारपणाचा आठवडा असला तरी, जुन्या मापाच्या पाव भागाने सुरू कर. बटन आणि दारू त्या दिवशी नको. टोचण्याऐवजी पन्नीवर तापवून धूर ओढणाऱ्याला धोका कमी असतो, कारण झटक्यात सगळं रक्तात जात नाही. पण नसतोच असं नाही. आणि जो टोचतो त्याला दर वेळी नवी सुई मिळायला हवी. सुईबरोबर पाणी, कापूस, भांडंही वाटून घ्यायचं नाही. हेपटायटिस सी सुईप्रमाणेच या सोबतच्या सामानातूनही गुपचूप पसरू शकतो. राज्यातल्या एड्स नियंत्रण कार्यक्रमाखाली काम करणाऱ्या संस्था सुई-सिरिंज फुकट देतात आणि वापरलेल्या परत घेतात. टोचण्याआधी गर्द विरघळवायला लिंबू पिळणं तर सोडाच. लिंबातली बुरशी रक्तातून डोळ्यात जाऊन दृष्टी गेल्याची उदाहरणं वैद्यकीय नोंदींत आहेत.

मात्र ओव्हरडोस टाळायचा सर्वांत भरवशाचा उपाय आहे तो ओएसटी, म्हणजे गर्दऐवजी देखरेखीखाली बदली औषध देणं; इथे ते म्हणजे जिभेखाली ठेवायची बुप्रेनॉर्फिनची गोळी. "एक नशा सोडून दुसरी" हा आक्षेप घराघरात ऐकू येतो, आणि तो चूक आहे. बुप्रेनॉर्फिन त्याच खाचेत बसतं, पण अर्धवट चालू होतं. टर्की थांबवायला तेवढं पुरतं, मात्र श्वासावरचा दाब एका पातळीनंतर वाढत नाही. शिवाय ते इतकं घट्ट चिकटतं की वरून गर्द घेतली तरी तिला बसायला जागा मिळत नाही. २०१७ साली १९ अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. बुप्रेनॉर्फिन चालू असताना दर हजार व्यक्ती-वर्षांमागे ४.३ मृत्यू, उपचार सोडल्यावर ९.५. दुपटीहून जास्त. गोळी लवकर बंद करा म्हणून डॉक्टरच्या मागे लागणाऱ्या नातेवाइकांनी हे दोन आकडे लक्षात ठेवावेत.

सुरुवात कशी करतात ते महत्त्वाचं, कारण इथेच माणसं बिचकून पळतात. शेवटची गर्द घेऊन किमान ८ ते १२ तास झालेले हवेत आणि टर्की दिसायला हवी. जांभया, नाक गळणं, अंगावर काटा, मोठ्या बाहुल्या, पोटात मुरडा. त्याआधी गोळी दिली तर ती खाचेतली गर्द एका झटक्यात उपटते आणि दिवसभराची टर्की दहा मिनिटांत येते. माणूस सांगत सुटतो, "ती गोळी विष आहे." खोटं सांगून लवकर घेतलेल्या गोळीने अशी अफवा पूर्ण वस्तीत पसरते. पहिला डोस साधारण २ ते ४ मिलिग्रॅम, मग एक-दोन तास बसवून पाहतात आणि हळूहळू वाढवतात. बहुतेकांचं ८ ते १६ मिलिग्रॅमवर स्थिरावतं. कमी डोसवर अडकवून ठेवलं की वरून गर्द चालूच राहते आणि दोष गोळीला दिला जातो.

गोळी गिळली तर वाया जाते, कारण यकृत ती रक्तात पोहोचण्याआधीच बरीचशी मोडतं. आधी तोंडातली तंबाखू थुंकून खळखळून चूळ भरायची. जीभ ओली हवी, पण तोंडभर लाळ नको. मग गोळी जिभेखाली, पाच-दहा मिनिटं गप्प. बोलायचं नाही, लाळ गिळायची नाही. विरघळल्यावर पुन्हा चूळ भरायची, ब्रश मात्र तासभराने, नाहीतर दात खराब होतात. सरकारी केंद्रात नर्ससमोर घ्यावी लागते. २०२० च्या लॉकडाउनमध्ये काही दिवसांच्या गोळ्या घरी न्यायला मुभा मिळाली. घरी आणलेली गोळी कुलपात ठेवा. लहान मुलाला एक गोळीही जिवावर बेतू शकते.

आता तक्रार. एड्स नियंत्रण कार्यक्रमातली ओएसटी मुळात टोचणाऱ्यांसाठी आखलेली आहे. पन्नीवर ओढणाऱ्याला मोठ्या सरकारी रुग्णालयाचा मनोविकार विभाग किंवा व्यसनोपचार केंद्र गाठावं लागतं, आणि साध्या मेडिकलवर ही गोळी मिळत नाही. म्हणजे सुरक्षित उपचार सहज हवा तर आधी सुई हातात घ्या, असा त्याचा अर्थ निघतो. १४४४६ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर जवळचं केंद्र विचारता येतं. काही ठिकाणी ओएसटीऐवजी नाल्ट्रेक्सोन सुरू करतात. ती गोळी नशा चढूच देत नाही, पण ती सोडली की शरीराची सवय शून्यावर आलेली असते. नाल्ट्रेक्सोन बंद झाल्याचा आठवडा हा केंद्रातून सुटल्याच्या आठवड्यासारखाच धरावा.

पोलिसांची भीती खरी आहे. अमली पदार्थविरोधी कायद्याखाली नुसतं सेवनही गुन्हा आहे, आणि दवाखान्यात विषबाधेची केस म्हणून नोंद होऊ शकते. ओव्हरडोसमध्ये मदतीला धावणाऱ्याला खास संरक्षण देणारा कायदा आपल्याकडे नाही. पण त्याच कायद्याचं कलम ६४ अ असं आहे की सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेली व्यसनी व्यक्ती स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घेत असेल तर तिच्यावर खटला चालत नाही, उपचार पूर्ण करायचे ही अट. हेरॉइनचं अल्प प्रमाण ५ ग्रॅम. आणि सुई वाटणारे कार्यकर्ते गुन्हेगार ठरत नाहीत, हे २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याच्या कलम २२ ने सांगितलेलं आहे.

ॲम्प्यूलं चष्म्याच्या जुन्या कडक डबीत कापसात ठेवा, सोबत सिरिंज, रुमाल आणि मास्क. खिशात सुटं ठेवलं की काच फुटते. उन्हात, गाडीच्या डिकीत नको. डबीवर मुदत संपण्याची तारीख मार्करने लिहा आणि ती कपाटात कुलपात नको, सगळ्यांना माहीत असलेल्या फळीवर असू दे. ज्याच्यासाठी आहे त्यालाही ती जागा दाखवा. स्वतःला टोचायला त्याला ती उपयोगी नाही, पण त्याच्यासोबत बसणाऱ्या दोस्ताला कुठे बघायचं ते कळेल. एक ॲम्प्यूल वापरलं गेलं की दुसऱ्या दिवशी सकाळी नवीन आणून ठेवा.